मधली फळी गेली. तिचं काम कुठे गेलं?

न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वेचा सुपरिंटेंडंट डॅनियल मॅकॅलम यानं १८५५ साली आपल्या कंपनीचा एक तक्ता काढून घेतला. आधुनिक कंपनीचा पहिला संघटन-तक्ता म्हणून तो ओळखला जातो. आजच्या तक्त्यांत मालक वर आणि कामगार खाली असतात. मॅकॅलमच्या तक्त्यात संचालक मंडळ आणि अध्यक्ष तळाशी, मुळांच्या जागी आहेत. तिथून फांद्या फुटाव्यात तसे विभाग, स्टेशनं, इंजिनवाले, कारकून वर आणि बाजूंना पसरत गेले आहेत. चित्र देखणं आहेच, पण ते काढण्यामागचं कारण जास्त महत्त्वाचं. मॅकॅलमचं म्हणणं असं होतं, की पन्नास मैलांची रेल्वे एक माणूस स्वतः लक्ष घालून चालवू शकतो, कारण प्रत्येक नोकर त्याच्या ओळखीचा असतो. पाचशे मैलांच्या रेल्वेवर तीच पद्धत लावली की खर्च हाताबाहेर जातो, आणि तो जातो लांबीमुळे नाही तर व्यवस्थेच्या अभावामुळे. (त्याच सुमारास, १८५३ साली, सुरू झालेली आपली बोरीबंदर–ठाणे लाइन ३४ किलोमीटरची होती. मॅकॅलमच्या हिशोबात ती एका माणसाच्या नजरेत मावली असती.)

म्हणून त्यानं तारायंत्र कामाला लावलं. कोणती गाडी कुठे आहे याची खबर दर तासाला मुख्यालयात यायला लागली. ती खबर गोळा करणारी, गाळणारी, पुढे पाठवणारी आणि वरून आलेला हुकूम खाली पोचवणारी माणसं लागली. मधली फळी, म्हणजे आजचे मधले मॅनेजर, जन्माला आली ती अशी, माहितीच्या वाहतुकीसाठी.

पुढच्या शंभर वर्षांत या फळीकडे एकूण पाच कामं साचत गेली. खालची माहिती वर नेणं, हे पहिलं. पैसा आणि माणसं कुठे लावायची ते ठरवणं. दोन विभागांचं जुंपलं की निवाडा करणं. कोणाला किती पगार, कोणाला बढती आणि कोणाला नारळ, हे ठरवणं. आणि नवख्याला हाताखाली घेऊन तयार करणं. संगणक आणि इंटरनेटनं यातलं पहिलं काम जवळजवळ फुकट करून टाकलं. उरलेली चार जशीच्या तशी शिल्लक आहेत. म्हणून कुठलीही कंपनी ‘आम्ही उतरंड मोडली’ असं सांगते तेव्हा मला एकच गोष्ट जाणून घ्यावीशी वाटते: ती चार कामं आता कोणाकडे आहेत, आणि तसं कुठे लिहून ठेवलं आहे? नव्या रचना कुठे टिकल्या आणि कुठे कोसळल्या हे पाहिलं तर बहुतेक वेळा फरक याच ठिकाणी सापडतो.

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोझ यांनी १९३७ साली मूळ मुद्दा मांडून ठेवला होता. बाजारातून सगळंच विकत घेता येतं, तर कंपनी हवीच कशाला? कारण बाजारात जाण्याचाही खर्च असतो: माल शोधा, भाव ठरवा, करार करा, करार पाळला जातो का ते पाहा. हा खर्च आतल्या आत काम करून घेण्याच्या खर्चापेक्षा जास्त असेल तोवर काम कंपनीत राहतं. माहिती स्वस्त झाली की हे दोन्ही खर्च उतरतात, आणि म्हणून सीमारेषा नेमकी कुठल्या बाजूला सरकेल हे आधी सांगता येत नाही.

पुण्यानं याचा एक नमुना अगदी जवळून पाहिला आहे. १९९०च्या सुमारास पुणे, बंगळुरू आणि भुवनेश्वर इथे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आले, उपग्रहाच्या जोडण्या आल्या आणि अमेरिकेतल्या कंपनीच्या पोटातलं काम समुद्र ओलांडून इकडे आलं. माहिती स्वस्त झाल्यानं कंपनी फुटली, पण मधली फळी मात्र वाढली. ऑनसाइट को-ऑर्डिनेटर, डिलिव्हरी मॅनेजर, अकाउंट मॅनेजर, एकाच माणसाला इथला एक आणि क्लायंटकडचा एक असे दोन बॉस. याचं कारण असं, की काम तोडताना त्याचे सांधे स्वच्छ तुटलेले नव्हते. अर्धवट तुटलेल्या प्रत्येक सांध्यावर एक माणूस उभा करावा लागला, आणि तो बहुतांशी निवाड्याचंच काम करत राहिला.

उलट टोकाचं उदाहरण नेदरलँड्समधलं आहे आणि माझ्या मते ते सगळ्यात नीट समजून घेण्यासारखं आहे. तिथे घरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या नर्सेसची जुनी परंपरा. १९९०च्या दशकात छोट्या संस्था एकत्र करून मोठ्या बनवल्या गेल्या, सेवेचे तुकडे पाडले गेले, प्रत्येक तुकड्याला मिनिटं ठरली. इंजेक्शनला वेगळी व्यक्ती, आंघोळीला वेगळी, मलमपट्टीला वेगळी. नियोजन करणारे वेगळ्या इमारतीत बसले. एका म्हातारीच्या घरी महिन्याभरात नवनवे चेहरे येऊन जायचे, आणि तिची तब्येत हळूहळू ढासळते आहे हे कोणाच्याच लक्षात यायचं नाही. प्रत्येकाकडे तिच्या आजाराचा एकच तुकडा होता.

यॉस द ब्लॉक हे स्वतः नर्स होते आणि अशाच एका संस्थेत वरच्या पदावर पोचले होते. त्यांनी २००६-०७ मध्ये चार नर्सेसच्या एका गटापासून बुर्टझोर्ग सुरू केली. पुढे तिथे दहा हजारांहून जास्त नर्सेस आल्या, गटांची संख्या नऊशेच्या आसपास गेली आणि कार्यालयात माणसं राहिली पन्नासेक. मॅनेजर एकही नाही. हे आकडे भाषणांत फार वापरले जातात, पण रचना कशावर उभी आहे ते क्वचितच सांगितलं जातं.

गट जास्तीत जास्त बारा जणांचा. त्यापुढे गेला की फोडायचा. या मर्यादेमागे साधं गणित आहे: बारा माणसांत जोड्या होतात ६६, पंचवीस माणसांत ३००. तीनशे नाती सांभाळायची झाली की कोणीतरी मधे बसतोच, पद असो वा नसो. गट आपल्या भागातल्या चाळीस ते साठ रुग्णांचं सगळं पाहतो: पहिली भेट, नियोजन, ड्युट्या, डॉक्टरांशी बोलणं, नवी नर्स घेणं, ऑफिसची जागा भाड्यानं घेणं. नर्सिंगखेरीजची कामं भूमिका म्हणून वाटलेली असतात. हिशोब आणि जागा एकीकडे, ड्युट्यांचं नियोजन दुसरीकडे, तासांवर लक्ष तिसरीकडे, नव्यांना शिकवणं आणखी कोणाकडे. आणि या भूमिका फिरत्या असतात, म्हणजे कोणी कायमचा साहेब होत नाही. निर्णयाला सगळ्यांची पसंती लागत नाही. कोणाचा सकारण ठाम विरोध नसला की पुरे. हा फरक बारीक वाटतो, पण बैठक वीस मिनिटांत संपते की दोन तास चालते ते यावर ठरतं.

पैशाचा मापदंड एकच आहे आणि तो सगळ्यांना माहीत असतो: कामाच्या एकूण तासांपैकी साधारण ६० टक्के तास रुग्णांपाशी, म्हणजे ज्यांचं बिल विमा कंपनीला लागतं असे, गेले पाहिजेत. गटाची अंतर्गत माहितीप्रणाली हा आकडा दाखवते आणि इतर गटांचे आकडेही दिसतात. माहितीयुग इथे प्रत्यक्ष कामाला येतं. आकडा आधी वर जाऊन मग ओरडा म्हणून खाली येत नाही. तो थेट ज्यांचा आहे त्यांच्यासमोर पडतो. आकडा घसरला तर गटांना सल्ला देणारा कोच विचारतो, काय करणार आहात? एका कोचकडे चाळीस-पन्नास गट असतात, आणि ही संख्या मुद्दाम मोठी ठेवलेली आहे. पाच गट असते तर त्यानं कारभार हातात घेतला असता. त्याच्याकडे ना पगाराची सही, ना हुकूम देण्याचा अधिकार.

भांडणाचीही पायरी ठरलेली आहे. आधी दोघांनी आपसात, मग गटात, मग कोचला बोलावून. आणि नोकरीवरून कमी करायचं असेल तरच कार्यालय. संवाद कसा चालवायचा, बैठक कशी घ्यायची याचं प्रशिक्षण प्रत्येक गटाला मिळतं.

आणि पगार? तो गट ठरवतच नाही. नेदरलँड्समध्ये या क्षेत्राचा सामूहिक वेतनकरार असतो. शिक्षण आणि अनुभवानुसार श्रेणी ठरलेल्या. म्हणजे गटात विष कालवणारा सगळ्यात मोठा विषय आधीच बाहेर सुटलेला आहे. बुर्टझोर्गची नक्कल करू पाहणाऱ्या खासगी कंपन्यांनी हे एक वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं. तुमच्याकडे असा करार नसेल तर तो प्रश्न दुसऱ्या मार्गानं सोडवल्याशिवाय मॅनेजर काढू नका.

परिणामांबद्दल प्रामाणिकपणे बोलायचं तर चित्र एकरंगी नाही. केपीएमजी या सल्लागार कंपनीच्या २०१५च्या अभ्यासात इथले रुग्ण सरासरीपेक्षा बरेच कमी तास सेवा घेताना दिसले; तासाचा दर जास्त, कारण नर्सेस जास्त शिकलेल्या, तरी घरसेवेचा एकूण खर्च कमीच निघाला. मात्र त्याच रुग्णांचा डॉक्टर, रुग्णालय आणि शुश्रूषागृहांचा खर्च मिळवला की बेरीज राष्ट्रीय सरासरीच्या आसपास जाते. मला यात रचनेचं अपयश दिसत नाही. पण ‘मॅनेजर काढले की सगळं स्वस्त होतं’ असं सांगणाऱ्यांनी हा दुसरा आकडाही सांगितला पाहिजे.

बुर्टझोर्गला एक मोठी सवलत मिळालेली आहे: एका गटाचा रुग्ण दुसऱ्या गटाकडे जात नाही. फ्रिज बनवणाऱ्या कंपनीचं तसं नसतं. डिझाइन, साचे, कॉम्प्रेसर, जुळणी, वाहतूक, दुरुस्ती, सगळं एकमेकांत अडकलेलं. तिथे काय करायचं याचं सगळ्यात धाडसी उत्तर चीनमधल्या चिंगदाओच्या हायरनं दिलं. पुण्याजवळ रांजणगावला त्यांचा कारखाना आहे, त्यामुळे नाव आपल्याला नवं नाही.

चांग रुईमिन १९८४च्या अखेरीस तिथे प्रमुख म्हणून आले तेव्हा तो डबघाईला आलेला फ्रिजचा कारखाना होता. १९८५ साली त्यांनी ७६ सदोष फ्रिज कामगारांकडूनच घणानं फोडून घेतले, हा प्रसंग सगळीकडे सांगितला जातो. त्यानंतरची कंटाळवाणी वर्षं कोणी सांगत नाही. प्रत्येक माणसाचं प्रत्येक दिवसाचं काम मोजायचं, त्याच दिवशी संपवायचं, त्याच दिवशी नोंदवायचं, ही शिस्त हायरनं वर्षानुवर्षं घोटली. २००५ साली त्यांनी ‘रेनदानहई’ ही कल्पना जाहीर केली, म्हणजे प्रत्येक कर्मचाऱ्याची सांगड त्याच्या ग्राहकासाठी निर्माण केलेल्या मूल्याशी घालणं. पण कंपनीचे खरोखर हजारो तुकडे व्हायला पुढे आणखी काही वर्षं लागली. त्या ओघात मधल्या फळीतली सुमारे बारा हजार पदं गेली. त्यातली काही माणसं नव्या तुकड्यांत सामील झाली, काही बाहेर पडली.

उरले ते चार हजारांवर सूक्ष्म-उद्योग, बहुतेक दहा-पंधरा माणसांचे. त्यातले दोनेकशे थेट ग्राहकाला तोंड देणारे. बाकीचे बहुतेक त्यांना सुटे भाग, डिझाइन, उत्पादन, मनुष्यबळ अशा सेवा विकणारे. प्रत्येकाला तीन अधिकार: निर्णयाचा, माणसं घेण्याचा आणि मिळकत वाटण्याचा. तरुण शहरी ग्राहकासाठी फ्रिज काढणारा एखादा उद्योग आतल्याच डझनावारी सेवादारांशी करार करतो. आतला सेवादार महाग किंवा ढिला वाटला तर बाहेरून घेण्याची मुभा असते.

इथेच शंका येते: एवढे करार करायचे म्हणजे वर्ष वाटाघाटीतच संपणार! कोझ यांनी सांगितलेला बाजाराचा खर्च आता कंपनीच्या आतच सोसायचा. हायरनं त्यावर दोन उपाय केले. किमान दर्जा आणि नफ्याची वाटणी यांचे नमुने आधीच ठरवून ठेवले, म्हणजे प्रत्येक करार कोऱ्या कागदावरून सुरू होत नाही. आणि सेवादाराच्या मिळकतीचा मोठा वाटा शेवटचा माल बाजारात कसा चालला यावर बांधला. साचा बनवणारा ‘मी माझा भाग वेळेवर दिला’ म्हणून हात झटकू शकत नाही. फ्रिज विकला गेला नाही तर त्याचंही उत्पन्न घटतं.

निवाड्याची आणि नेतृत्वबदलाची कलमंही लिहिलेली आहेत. किमान उद्दिष्ट सलग तीन महिने हुकलं की नेता बदलण्याची प्रक्रिया आपोआप सुरू होते. किमान गाठलं पण ठरवलेलं मोठं उद्दिष्ट चुकलं, तर दोन-तृतीयांश सदस्य मत देऊन नेत्याला हटवू शकतात. कोणा वरिष्ठाची मर्जी लागत नाही. याच व्यवस्थेतून ‘लेइशन’ हा गेमिंग लॅपटॉपचा उद्योग उभा राहिला. तीन-चार तरुण कर्मचाऱ्यांनी ऑनलाइन दुकानांवरच्या तीस हजारांवर ग्राहक-तक्रारी वाचून काढल्या, त्यातून दोषांचे प्रकार पाडले आणि त्यावर उत्तर देणारं यंत्र बनवलं. पूर्वी ही माहिती विक्री विभागातून चाळणी लागत लागत डिझाइन विभागापर्यंत पोचली असती, आणि पोचेपर्यंत तिच्यातला जीव गेला असता.

हायरची पद्धत मला बुर्टझोर्गइतकी आपलीशी वाटत नाही. तिच्यात माणसाच्या मिळकतीवर बाजाराचा वारा थेट लागतो, आणि चांगला कारागीर वाईट हंगामात उगाच भरडला जाऊ शकतो. पण उरलेल्या चारपैकी तीन कामांची तिथे उत्तरं आहेत: वाटप करारानं, निवाडा कलमानं, पगार बाजारानं. २०१६ साली हायरनं जीई अप्लायन्सेस विकत घेतली तेव्हाही अमेरिकेत ही पद्धत एका फटक्यात लादली नाही. नाव, माणसं तीच ठेवून उत्पादनागणिक नफ्या-तोट्याची जबाबदारी हळूहळू खाली उतरवली.

सॉफ्टवेअरवाल्यांनी तिसरी वाट काढली. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली लिहिलं होतं, की संस्था जी प्रणाली बनवते तिची रचना त्या संस्थेतल्या बोलाचालीच्या रचनेसारखीच होते. अ‍ॅमेझॉननं हे उलटं वापरलं: हवी तशी प्रणाली मिळावी म्हणून गटांची बोलाचालच बदलली. दोन पिझ्झ्यांत पोट भरेल एवढाच गट ही त्यांची मर्यादा सगळ्यांना ठाऊक असते. पण खरा बदल वेगळाच होता. एका माजी अभियंत्यानं २०११ साली जाहीर केल्याप्रमाणे, २००२च्या सुमारास जेफ बेझोस यांचा फतवा निघाला: प्रत्येक गटानं आपली माहिती आणि काम एका ठरलेल्या तांत्रिक दारातूनच दुसऱ्याला द्यायचं, मागच्या दारानं दुसऱ्याच्या डेटाबेसमध्ये हात घालायचा नाही, आणि ते दार उद्या बाहेरच्या गिऱ्हाइकालाही उघडता येईल असं बांधायचं. २००६ साली एस-थ्री ही डेटा साठवणुकीची सेवा जगाला विकायला काढली, तेव्हा हे शेवटचं कलम किती दूरचं पाहणारं होतं ते दिसलं. सांधे इतके स्वच्छ झाले, की २०११मध्ये कामाच्या दिवशी सरासरी दर ११.६ सेकंदांना कुठला ना कुठला बदल चालू प्रणालीत जात होता, आणि त्यासाठी गटागटांच्या समन्वय बैठका लागत नव्हत्या. सॉफ्टवेअरबाहेर मात्र लहान गट तेवढे यशस्वी ठरले नाहीत. तिथे गटाच्या आकारापेक्षा एकाच कामाला पूर्ण वाहिलेला एक जबाबदार माणूस असणं जास्त महत्त्वाचं निघालं.

संगीत ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय कंपनीचे ‘स्क्वॉड’ (छोटा गट) आणि ‘ट्राइब’ (अशा गटांचा समूह) हे शब्द २०१२नंतर जगभर गेले. शब्द घेणं सोपं असतं, म्हणून बहुतेकांनी शब्दच घेतले. डच बँक आयएनजीनं मात्र २०१५ साली मुख्यालयातल्या साडेतीन हजार लोकांना नव्या रचनेत नव्यानं अर्ज करायला लावले आणि नऊ-नऊ जणांचे साडेतीनशे गट केले. चाळीस टक्क्यांच्या आसपास लोक वेगळ्या जागी गेले. हा फरक मनोवृत्तीचा आहे, तक्त्याचा नाही.

कोसळलेले प्रयोग पाहिले की उरलेल्या चार कामांचं वजन कळतं. ऑनलाइन बूट विकणाऱ्या झॅपोसनं २०१३च्या अखेरीस ‘होलॅक्रसी’ स्वीकारली. पदं गेली, वर्तुळं आणि भूमिका आल्या, बैठकीचे काटेकोर नियम आले. २०१५च्या वसंतात कंपनीचे प्रमुख टोनी शे यांनी सगळ्यांना सांगितलं, पटत नसेल तर किमान तीन महिन्यांचा पगार घेऊन जा. सुरुवातीलाच चौदा टक्के लोक गेले. निर्णय कसा घ्यायचा याची तिथे भरपूर कलमं होती. माझी बढती कशी होणार, माझा पगार कोण ठरवणार, याची उत्तरं मात्र मागाहून शोधावी लागली. मीडियम या प्रकाशन-मंचानं २०१६ साली तीच पद्धत सोडली. कारण त्यांनी स्पष्ट सांगितलं: अनेक वर्तुळांना एकत्र येऊन करायची मोठी कामं अडत होती आणि नोंदी ठेवण्यातच फार वेळ जात होता. गिटहब या सॉफ्टवेअर कंपनीनं २०१४मध्ये मधले मॅनेजर परत आणले. व्हॉल्व्ह या गेम कंपनीत टेबलांना चाकं होती, ज्याला जिथे काम करावंसं वाटेल तिथे टेबल ढकलत न्यावं. तिथून बाहेर पडलेल्या एका नामांकित अभियंतीनं २०१३मध्ये सांगितलं, की उघड उतरंड नसली तरी लपलेली होती. आणि लपलेल्या उतरंडीकडे दादही मागता येत नाही.

शिवाय स्वस्त माहिती नेहमी खालीच अधिकार देते असं नाही. जेवण पोचवणाऱ्या अ‍ॅपवर काम करणाऱ्या तरुणाचा मॅनेजरही गेलेलाच आहे. त्याचं काम वाटणं, दर ठरवणं, त्याला यादीतून काढणं, सगळं गणनविधी (अल्गोरिदम) करतो. मधली फळी तिथेही नाही, पण तिची कामं खाली उतरण्याऐवजी एका केंद्रात गेली, आणि निवाड्याचं काम तर जवळजवळ कोणाकडेच राहिलं नाही. हीसुद्धा माहितीयुगाचीच नवी रचना आहे, आणि माणसांच्या संख्येनं पाहिलं तर आपल्या शहरांत हीच जास्त पसरते आहे. याची मला काळजी वाटते.

भोसरी-चाकणमधल्या शंभर-दोनशे माणसांच्या कंपनीला यातलं काही करून पाहायचं असेल तर सुरुवात तक्त्यापासून करू नये. आधी दोन-तीन आठवडे निर्णयांची वही ठेवावी. पाच रकाने: कोणता निर्णय, कोणी मागितला, कोणी दिला, मधे किती तास गेले, आणि देणाऱ्याकडे अशी कोणती माहिती होती जी मागणाऱ्याकडे नव्हती. शेवटचा रकाना सगळ्यात बोलका. तो रिकामा राहिला तर ती सही नुसती टपालाची होती. तो निर्णय उद्याच खाली देता येतो. भरलेला असेल तर आधी ती माहिती खाली पोचवायची व्यवस्था करायची, अधिकार नंतर. उलट क्रमानं केलं तर माणसं आंधळेपणी निर्णय घेतात, दोन-चार चुकतात आणि ‘बघा, यांना जमत नाही’ असा निकाल लागतो.

मग गिऱ्हाइकापासून सुरू होऊन गिऱ्हाइकापाशीच संपणारं एखादं काम निवडावं. सुट्या भागांची विक्री आणि सर्व्हिस हे बहुधा चांगलं ठरतं. सहा ते दहा माणसं. टॅलीमध्ये त्यांचं वेगळं कॉस्ट सेंटर उघडून महिना संपल्यावर पाच-सहा दिवसांत त्यांचा हिशोब त्यांच्याच हातात द्यायचा. मुख्य कार्यालयाचं भाडं, साहेबांची गाडी असले खर्च सूत्रानं त्यांच्या माथी मारायचे नाहीत. तसं केलं की पहिली तिमाही सूत्रावर वाद घालण्यात जाते. ज्या खर्चावर त्यांचा ताबा आहे तेवढाच मोजायचा. खर्चाची मर्यादा अंदाजानं ठरवायची नाही. वहीतले दहापैकी नऊ निर्णय त्यात बसतील एवढी ठेवायची. इतर विभागांशी एका पानाचा करार करायचा: काय, कधी, काय भावानं, उशीर झाला तर काय, आणि महिन्याची पूर्वसूचना देऊन बाहेरून घेण्याची मुभा. वाद झाला तर तीन दिवस आपसात, मग आठवडाभर तिसऱ्याच्या मदतीनं, त्यानंतर एका नाव असलेल्या माणसाचा लेखी निर्णय. सुरक्षेची कायदेशीर जबाबदारी ज्याच्या नावावर आहे, त्याचा काम थांबवण्याचा अधिकार मात्र कुठल्याही गटाच्या मतावर ठेवायचा नाही.

यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. जुन्या मॅनेजरचं नाव ‘कोच’ होतं, पण पगारवाढीची सही त्याच्याकडेच राहते. मग त्याच्यासमोर कोणी खरं बोलत नाही आणि कोचिंग नावापुरतं उरतं. दुसरं, गटाचे आकडे आधी मालकाच्या मोबाइलवर जातात. सकाळी नऊला आकडा दिसतो, साडेनऊला फोन जातो, आणि महिनाभरात गट पुन्हा विचारून काम करायला लागतो. आकडा गटाला आधी आणि मालकाला नंतर, ठरल्या दिवशीच दिसेल, एवढं एक बंधन मालकानं स्वतःवर घालून घेतलं तर बाकीच्या बऱ्याच चुका सावरता येतात.

पाचव्या कामाचं, माणूस घडवण्याचं, पुरेसं उत्तर मला अजून कुठल्याच रचनेत दिसलेलं नाही. बुर्टझोर्गमध्ये जुनी नर्स नवीला शिकवते, पण तिथे येणारी नर्स शिकूनच आलेली असते. हायरमध्ये जो निवडून येतो तो नेता. हरलेल्याचं पुढे काय, हे बाजारावर सोडलेलं. गिटलॅबसारखी, कुठेही ऑफिस नसलेली सॉफ्टवेअर कंपनी दोन हजारांहून जास्त पानांची कामकाजाची पुस्तिका जगासमोर उघडी ठेवते आणि प्रत्येक निर्णयाला एकच जबाबदार नाव लावते. नवख्याला कसं करायचं ते त्यात सापडतं. पण गिऱ्हाइकाला वाईट बातमी कशी द्यावी, कोणाशी कधी वाकड्यात शिरू नये, चांगल्या माणसाची चूक कशी पोटात घालावी, हे मधल्या फळीतला एखादा जाणता माणूस पाच-सात वर्षं शेजारी बसवून शिकवायचा. ज्या कंपनीत अशी माणसं आजही आहेत तिनं त्यांची पदं काढण्याआधी निदान त्यांचे आठवड्यातले दोन दिवस वेगळे काढावेत: एका गटात एक तिमाही, मग दुसऱ्यात, हातात ना सही, ना हिशोब, फक्त शेजारी खुर्ची टाकून बसणं. त्यांचा पगार कोणत्या गटाच्या नावे टाकायचा असा प्रश्न हिशोबनीस विचारतीलच. तो कोणाच्याही नावे टाकू नये. कंपनीच्या नावे टाकावा.